विश्लेषण : वीज नाही, माणूस नाही, तरी दरवाजे उघडायचे! विश्वेश्वरय्यांचे खडकवासला मायक्रोकंट्रोलर निवडणाऱ्यांना काय शिकवते?

पावसाळ्यात पुणेकरांच्या मोबाइलवर एक सूचना हमखास येते. खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढवला, नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे. त्यापाठोपाठ क्युसेकचे आकडे येतात, भिडे पुलाचे फोटो येतात. २५ जुलै २०२४ रोजी हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. दरवाजे कधी उघडायचे, किती उघडायचे आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नावर त्यानंतर बराच काळ चर्चा झाली.

याच धरणावर सुमारे १२० वर्षांपूर्वी एका अभियंत्याने असे दरवाजे बसवले होते, की ज्यांना कोणाच्या आदेशाची गरज नव्हती. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की आपोआप बंद होत. त्यांना वीज लागत नव्हती, आणि इलेक्ट्रॉनिक्स हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता. तो अभियंता म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. आज प्रकल्पासाठी मायक्रोकंट्रोलर निवडताना विद्यार्थी जिथे अडखळतात, तिथे विश्वेश्वरय्यांची कारकीर्द चांगली वाट दाखवते.

मुळशीचा आणि खडकवासल्याचा संबंध काय?

पुण्याच्या दोन्ही नद्यांचे मूळ मुळशी तालुक्याच्या डोंगरात आहे. मुळा नदीवर मुळशी धरण आहे, तर मुठा नदीवर टेमघर धरण. टेमघरचे पाणी मुठेतून खाली खडकवासल्यात येते. पानशेत आणि वरसगावचे पाणीही तिथेच येते. त्यामुळे मुळशीच्या डोंगरात ढग किती बरसले, यावर पुण्याचे पिणे आणि पुण्याचा पूर हे दोन्ही अवलंबून असते. हा पाऊस साधासुधा नाही. जुलै २०२४ मधील त्याच अतिवृष्टीत मुळशी तालुक्यातील ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला.

मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एकत्र येतात. या संगमाजवळच अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे, ज्याला आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणतात. विश्वेश्वरय्या अभियंता झाले ते इथेच.

विश्वेश्वरय्या पुण्याला कसे आले?

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. वडिलांचे छत्र लहान वयातच हरपले. पुढचे शिक्षण बंगळूरला झाले आणि त्यासाठी त्यांनी शिकवण्या घेतल्या. १८८१ मध्ये ते सेंट्रल कॉलेजमधून बी. ए. झाले.

म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकता आली. १८८३ मध्ये अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या निकालावर १८८४ मध्ये त्यांना मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंत्याची नोकरी मिळाली. पहिली नेमणूक नाशिक जिल्ह्यात झाली. पुढची जवळपास २५ वर्षे त्यांनी याच इलाख्यात काढली. म्हणजे ज्या अभियंत्याला देश म्हैसूरचा म्हणून ओळखतो, त्याची घडण महाराष्ट्राच्या नद्यांवर आणि कालव्यांवर झाली.

सुरुवातीच्या कामांत काय वेगळे होते?

खानदेशात पांझरा नदी ओलांडून पाणी पलीकडे न्यायचे होते. तिथे त्यांनी पाइपचा सायफन बांधला. पलीकडचे टोक थोडे खाली असले की बंद पाइपमधले पाणी स्वतःच्या दाबाने उतरते आणि पुन्हा चढते. त्यासाठी पंप लागत नाही.

१८९४-९५ च्या सुमारास त्यांना सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम मिळाले. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि गाळणी बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीकाठाला विहीर खोदून घेतली आणि तिथून नदीच्या पात्राखाली बोगदा नेला. नदीचे पाणी वाळूतून झिरपत विहिरीत यायचे, ते येईपर्यंत गाळून निघायचे. गाळणीचे काम पात्रातल्या वाळूने केले.

दोन्ही ठिकाणी कामाची पद्धत एकच दिसते. आधी कामाची नेमकी गरज काय ते पाहायचे. मग जागेवर फुकट मिळणारी कोणती गोष्ट ते काम करू शकते, हे शोधायचे. उरलेल्या कामापुरतेच यंत्र आणायचे.

खडकवासल्याला अडचण कोणती होती?

खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला तेव्हा फाइफ तलाव म्हणत. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि मुठेचे कालवे यांना पाणी देण्यासाठी ते बांधले होते. काही वर्षांतच साठा अपुरा पडू लागला.

दुसरीकडे पावसाळ्यात भरपूर पाणी वाया जात होते. पुराच्या वेळी तलावाची पातळी सांडव्याच्या माथ्यावर सहा ते आठ फूट चढायची आणि ते सगळे पाणी नदीत निघून जायचे. पाणी हवे उन्हाळ्यात आणि वाहून जायचे जुलै-ऑगस्टमध्ये.

यावर सरळ उपाय दोन होते. पहिला, धरणाची उंची वाढवणे. त्यासाठी पैसा आणि वेळ लागला असता आणि जुन्या भिंतीवरचा भारही वाढला असता. दुसरा, सांडव्यावर हाताने उघडायचे दरवाजे बसवणे. त्यात धोका होता. मध्यरात्री वरच्या डोंगरात अचानक पाऊस झाला आणि दरवाजे वेळेवर उघडले गेले नाहीत, तर पाणी थेट धरणावरून गेले असते. 

विश्वेश्वरय्यांनी तिसरा मार्ग काढला. पाणी अडवणारे दरवाजे हवेत, पण ते उघडण्याचा निर्णय माणसावर सोडायचा नाही.

दरवाजे आपोआप कसे उघडत?

तत्त्व तराजूचे आहे. लोखंडी दरवाजा एका बाजूला आणि त्याचा तोल सांभाळणारे जड वजन दुसऱ्या बाजूला. हे वजन एका हौदात लटकलेले असते. हौद कोरडा असताना वजन पूर्ण भाराने खाली ओढते आणि दरवाजा बंद राहतो.

तलावाची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की जादा पाणी हौदात शिरते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे विहिरीत घागर ओढणाऱ्या कोणालाही माहीत असते. वजन हलके झाले की तोल फिरतो, दरवाजा सरकतो आणि पुराच्या पाण्याला वाट मिळते. पूर ओसरला की हौद रिकामा होतो, वजनाला पुन्हा पूर्ण भार येतो आणि दरवाजा आपल्या जागी परततो.

यात पातळी मोजणारे पाणीच होते, निर्णय तोलाचा होता आणि लागणारी ताकदही पाण्याचीच होती. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे खडकवासल्यावर बसले. धरणाची उंची न वाढवता मूळ सांडव्याच्या वर आठ फुटांपर्यंत पाणी अडवता येऊ लागले आणि साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर याच प्रकारचे दरवाजे बसवले गेले.

या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर झाले. मात्र ज्या सरकारी विभागासाठी ती पहिल्यांदा वापरली, त्याचे प्रमुख आपणच असल्याने त्यांनी त्यावर स्वामित्वशुल्क घेतले नाही.

मायक्रोकंट्रोलरचा इथे काय संबंध?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपवर बसवलेला छोटा संगणक. प्रक्रिया करणारा भाग, प्रोग्राम साठवणारी मेमरी, कामापुरती रॅम आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना, सगळे एकाच तुकड्यात. वॉशिंग मशीन, गिझर, गाडीचे इंजिन, विजेचा मीटर या सगळ्यांत तो असतो. त्याचे काम तेच आहे जे खडकवासल्याचा तराजू करायचा. काहीतरी मोजायचे, ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचे आणि काहीतरी हलवायचे.

अडचण निवडीची असते. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अजूनही इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ पासून शिकवायला सुरुवात होते. त्या मूळ चिपमध्ये ४ किलोबाइट प्रोग्राम मेमरी आणि अवघी १२८ बाइट रॅम होती. प्रकल्पाची वेळ आली की विद्यार्थी पुण्यात तपकीर गल्लीत जातात आणि दुकानात अर्डुइनोपासून ईएसपी३२ पर्यंत सगळे एका रांगेत मांडलेले दिसते. किमतीत फार फरक नसेल, तर सर्वांत ताकदवान बोर्ड उचलला जातो. प्रकल्प टेबलावर उत्तम चालतो आणि शेतावर बसवला की बंद पडतो.

मुळशीतल्या पर्जन्यमापकासाठी कोणता कंट्रोलर घ्यावा?

एक उदाहरण घेऊ. ताम्हिणीच्या परिसरात भातखाचराच्या बांधावर पाऊस मोजणारे यंत्र बसवायचे आहे. पावसाळाभर ते कोणी न बघता चालले पाहिजे आणि दर तासाला आकडा खालच्या गावात पोहोचला पाहिजे.

गरज काय : पावसाच्या मोजमापासाठी झुकणाऱ्या पळीचे यंत्र वापरतात. सी-सॉसारख्या दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की झुकते, रिकामी होते आणि दुसरी पुढे येते. प्रत्येक झुकण्याला एक चुंबक स्विचजवळून जातो आणि एक ठोका मिळतो. म्हणजे अर्धे काम पुन्हा पाण्याच्या वजनाने आणि तोलानेच केले. कंट्रोलरला ठोके मोजण्यासाठी एक पिन पुरते. आकडा पाठवणाऱ्या रेडिओसाठी आणखी चार-सहा पिना लागतात. या कामाला वेग जवळजवळ लागतच नाही.

आकडा किती मोठा : एका ठोक्याला ०.२ मिलिमीटर धरले, तर ५०० मिलिमीटर पावसाचे २,५०० ठोके होतात. प्रोग्राममध्ये मोजणीसाठी ८ बिटची जागा ठेवली, तर ती २५५ नंतर पुन्हा शून्यावर येते. म्हणजे ५१ मिलिमीटर पावसातच हिशेब चुकला. ताम्हिणीत एवढा पाऊस सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत पडू शकतो. १६ बिटची जागा ठेवली तर मोजणी ६५,५३५ पर्यंत जाते, म्हणजे १३ हजार मिलिमीटरपर्यंत. यासाठी १६ बिटची चिप घ्यावी लागत नाही. ८ बिटचा कंट्रोलरही मोठे आकडे तुकड्यातुकड्याने मोजतो. चिप किती बिटची आणि आकडा किती बिटचा, या दोन गोष्टींत विद्यार्थ्यांचा गोंधळ नेहमी होतो.

वीज कुठून येणार : हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जुलैमध्ये मुळशीत सूर्यदर्शन दुर्मीळ, त्यामुळे सोलर पॅनेलवर फार भरवसा ठेवता येत नाही. ईएसपी३२ मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ आहे, दोन गाभे आहेत, २४० मेगाहर्ट्झचा वेग आहे. पण वायफाय चालू ठेवून सरासरी १०० मिलिअँपिअर वीज खर्च झाली, तर २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २० तासांत संपते. एटीमेगा३२८पी हा अर्डुइनो उनोवरचा ८ बिटचा कंट्रोलर. त्यात ३२ किलोबाइट प्रोग्राम मेमरी आणि २ किलोबाइट रॅम आहे. तो बहुतांश वेळ झोपवून ठेवला आणि ठोका आला की उठवला, तर त्याचा खर्च मायक्रोअँपिअरमध्ये येतो आणि तीच बॅटरी महिनोन्महिने पुरते. मात्र त्यासाठी सुटी चिप वापरावी लागते. अर्डुइनोचा अख्खा बोर्ड बसवला, तर त्यावरचा यूएसबीचा भाग, व्होल्टेज नियंत्रक आणि दिवाच बॅटरी खाऊन टाकतात. ईएसपी३२ लाही गाढ झोप देता येते आणि तेव्हा चिपचा खर्च फार कमी होतो, पण बोर्डाचा हाच नियम तिथेही लागू आहे.

निरोप कसा जाणार : डोंगराआडच्या वाडीत वायफाय नसतेच आणि मोबाइलची रेंजही येते-जाते. मग ईएसपी३२ मधल्या वायफायचा उपयोग काय? इथे लोरा प्रकारचा दूर पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ जास्त कामाचा. भारतात त्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. तो रेडिओ वेगळा जोडायचा असल्याने साधा कंट्रोलर पुरतो. हेच यंत्र पिरंगुटच्या कारखान्यात बसवायचे असते, जिथे वीज आणि वायफाय दोन्ही आहे, तर ईएसपी३२ हीच योग्य निवड ठरली असती.

अडकला तर काय : प्रोग्राम कुठेतरी अडकतो, हे धरूनच चालावे. बहुतेक कंट्रोलरमध्ये वॉचडॉग नावाचा टायमर असतो. प्रोग्रामने ठरलेल्या वेळात त्याला हजेरी दिली नाही, तर तो चिप आपोआप पुन्हा सुरू करतो. बॅटरी उतरू लागली की चुकीचे काम करण्याऐवजी चिप थांबवण्याची सोयही असते. या दोन्ही सोयी सुरू केल्या आहेत का, हे शेतावर जाण्याआधी तपासावे.

उद्या मिळेल का : २०२०-२२ च्या जागतिक चिपटंचाईत अनेकांना तयार आराखडे बाजूला ठेवावे लागले, कारण निवडलेली चिपच मिळेना. त्यामुळे एकाच मालिकेतला मोठा किंवा लहान पर्याय त्याच पिनांवर बसतो का, प्रोग्राम उतरवण्याची साधने सहज मिळतात का, हे आधीच पाहावे. कामाला पाच पिना पुरत असतील तर ८ पिनांची एटीटायनी८५ सुद्धा चालते. तिच्यात ८ किलोबाइट मेमरी आणि ५१२ बाइट रॅम असते. पण उद्या तापमान आणि आर्द्रताही मोजायची असेल, तर आजच थोडी जागा शिल्लक ठेवलेली बरी.

शिल्लक जागेचा हा विचार विश्वेश्वरय्यांनी धरणाच्या पायात केला होता. त्यासाठी त्यांच्या पुढच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

मुंबई इलाखा त्यांनी का सोडला?

खडकवासल्याच्या कामाच्याच काळात त्यांनी नीरा कालव्यावर गट पद्धत आणली. कालव्याच्या सुरुवातीच्या गावांनी भरपूर पाणी घ्यायचे आणि शेवटच्या गावांनी वाट पाहायची, असे चालले होते. गट पद्धतीत पाणी ठरावीक पट्ट्यांना ठरलेल्या पाळीने देऊन आणि पिकांची फेरपालट करून ते जास्त गावांत वाटायचे होते. १९०६ मध्ये त्यांना एडनच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठवण्यात आले.

पण त्या काळी इलाख्यातील मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर इंग्रजच बसत. भारतीयाला तिथवर पोहोचण्याची आशा नव्हती. अधीक्षक अभियंता असताना विश्वेश्वरय्यांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली आणि १९०८ मध्ये ते परदेश दौऱ्यावर गेले.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादमध्ये मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. नुसते काठ बांधून पूर थांबणार नाही, शहराच्या वरच पाणी अडवले पाहिजे, असा आराखडा त्यांनी दिला. पुढे बांधलेले उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय त्यातूनच आले.

म्हैसूरमध्ये त्यांनी काय केले?

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. कावेरीच्या पाण्यावरून मद्रास सरकारचा विरोध होता, त्यामुळे आधी ११ टीएमसी साठ्याच्या लहान धरणालाच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र ४१.५ टीएमसीच्या मोठ्या धरणाला पेलेल असा घातला. पुढे परवानगी मिळाली तेव्हा पाया उखडावा लागला नाही.

१९१२ मध्ये ते संस्थानाचे दिवाण झाले. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही कामे त्यांच्या दिवाणगिरीतली. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची योजनाही तेव्हाचीच. १९१५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

ही कारकीर्द वादाविना संपली नाही. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना राखीव वाटा देण्याच्या महाराजांच्या धोरणाला त्यांचा विरोध होता. निवड गुणवत्तेवर व्हावी, असे त्यांचे मत होते. शिक्षणाची दारेच ज्यांना उशिरा उघडली, त्यांच्यासाठी हा मापदंड अन्यायाचा होता, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि आजही होते. १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. १९३४ मध्ये त्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. १९५१ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या. नव्वदी ओलांडल्यावर बिहारमधील मोकामा येथे गंगेवरील पुलाच्या जागेबाबत सल्ला दिला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

पानशेत फुटले तेव्हा काय झाले?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यात आले. ८० वर्षांहून जुनी दगडी भिंत हा लोंढा पेलू शकली नाही आणि खडकवासलाही फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो संसार वाहून गेले आणि पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी उरले नाही. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. त्यांनी शंभरी गाठली होती. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूरला त्यांचे निधन झाले.

त्या दिवशी खडकवासल्यावर आलेले पाणी पावसाचे नव्हते, ते फुटलेल्या धरणाचे होते. पावसाच्या पुरासाठी आखलेली कोणतीही रचना अशा लोंढ्यापुढे टिकली नसती. पण नियंत्रकाबाबत हा धडा पुणेकरांना फार महागात मिळाला. तराजू असो वा चिप, तो ज्या मर्यादेसाठी आखला, तिच्या आतच काम करतो. मर्यादेबाहेर काय घडेल, याचा विचार नियंत्रक करत नाही. तो आखणाऱ्याने आधीच करून ठेवावा लागतो आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था ठेवावी लागते.

आज खडकवासल्याचे दरवाजे जलसंपदा विभागाच्या आदेशाने उघडतात. वरच्या धरणांचे साठे, पावसाचा अंदाज आणि खालच्या वस्त्या यांचा ताळमेळ घालून निर्णय होतो. एकट्या तराजूला हे सगळे कळले नसते, कारण १९०३ मध्ये नदीपात्राला लागून एकतानगरी नव्हती. गरज बदलली, म्हणून नियंत्रणही बदलले.

मग निवड करताना सुरुवात कुठून करावी?

चिपच्या यादीपासून नाही, जागेपासून. यंत्र कुठे बसणार, तिथे वीज आहे का, त्याकडे कोण लक्ष देणार, ते बंद पडले तर कोणाचे नुकसान होणार आणि वीज गेल्यावर ते कोणत्या अवस्थेत राहिले पाहिजे, हे पाच प्रश्न कागदावर आधी लिहावेत. पंपाचा रिले वीज गेल्यावर बंद राहायला हवा की चालू, याचे उत्तर डेटाशीटमध्ये सापडत नाही, ते विहिरीवर जाऊनच कळते.

त्यानंतर पिना, मेमरी, वेग आणि वीजखर्च यांचे आकडे मांडले, की दहा पर्यायांतले सात आपोआप गळतात. उरलेल्या तिनांत जो बाजारात सहज मिळतो आणि ज्याचा प्रोग्राम दुसऱ्यालाही वाचता येतो, तो घ्यावा. आणि कधीकधी उत्तर असेही निघते, की कंट्रोलर लागतच नाही. घरावरच्या टाकीत पाणी भरले की नळ बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह पाण्याच्याच जोरावर चालतो. त्याला बॅटरी नाही, प्रोग्राम नाही आणि बिघडला तर गावातला प्लंबर तो दहा मिनिटांत बदलतो.